सर्कलवर रस्ता चुकला तर अजून एक फेरी मारा: पाहुण्या चालकांना काय सांगावे

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या मांद्रे येथे घराला लागूनच तीन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, पुण्या-कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन येणारे किंवा इथे स्कूटर भाड्याने घेणारे पाहुणे सर्कलवर हमखास गोंधळतात. या हंगामात दोन गाड्या घासल्या, एक मुलगी स्कूटरवरून पडली. सकाळी चहा पिऊन निघताना त्यांना पाच मिनिटांत काय सांगावे?

ताई, मी २६ वर्षे म्हापशात गाडी शिकवतो. आधी एक गैरसमज काढून टाकतो. तुमच्या पाहुण्यांना नियम माहीत नसतो असे नाही. अंगणात उभे करून विचारा, दहातले आठ जण बरोबर सांगतील की सर्कल डावीकडून घ्यायचे आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. तरी सर्कलवर पोचल्यावर त्यांचा घोटाळा होतो, कारण तिथे त्यांची तीन कामे एकाच वेळी चाललेली असतात: कुठला रस्ता पकडायचा ते ठरवणे, फोनवरचा नकाशा वाचणे आणि समोरची वाहतूक बघणे. आपल्याकडच्या माणसाला पहिली दोन कामे नसतातच. तो फक्त वाहतूक बघतो, म्हणून तो हुशार दिसतो. त्यालाच उद्या कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरला सोडा, तोही बावचळेल.

म्हणून पाच मिनिटांत नियम सांगत बसू नका. पहिली दोन कामे सर्कलच्या आधी उरकायची कशी, तेवढे सांगा. आणि सगळ्यात आधी हे वाक्य सांगा: रस्ता चुकला तर अजून एक फेरी मारा.

हे वाक्य मी पहिले का ठेवतो ते सांगतो. मी जवळून पाहिलेल्या घासाघाशीत सर्कलमध्ये शिरताना झालेल्या थोड्या आहेत, बाहेर पडताना झालेल्या जास्त. एकदा माझ्या शिकाऊ मुलाला घेऊन आम्ही सर्कलला थांबलो होतो. समोरून सांगलीकडची गाडी आतल्या बाजूने फिरत होती. शेजारी बसलेल्या वहिनी एकदम म्हणाल्या असाव्यात, ‘अहो, हाच तो!’ कारण गृहस्थांनी आतून थेट डावीकडे गाडी कापली. मागून डाव्या अंगाने पायलट येत होता. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर भाडे मारणाऱ्यांना गोव्यात पायलट म्हणतात, हे तुमच्या नव्या पाहुण्यांना सांगावे लागेल. पायलट सावध होता म्हणून मडगार्डवरच निभावले. गाडीवाल्यांनी तो फाटा सोडून दिला असता आणि गोल फिरून परत आले असते तर वीस सेकंद गेली असती. रस्त्यावर इतकी स्वस्त चूक दुसरीकडे कुठेच करता येत नाही. महामार्गावर वळण चुकले तर पाच किलोमीटर पुढे जाऊन यू-टर्न शोधा. सर्कलवर फक्त फिरत राहा. पण माणसाला वाटते, लोक काय म्हणतील. कोणी काही म्हणत नाही. आमची शिकाऊ पोरे तर चार-चार फेऱ्या मारतात.

आता दिशेचे. भारतात आपण डावीकडून चालतो म्हणून सर्कलला घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालायचा. चारचाकीवाल्याला सांगायची सोपी खूण अशी की, चालकाचा उजवा खांदा कायम सर्कलकडे राहिला पाहिजे. स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे हे आपोआप पटते. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या पाहुण्याला एवढे सांगायची गरज नसते, पण तुमच्याकडे रशियन किंवा युरोपातले पाहुणे येत असतील तर हे दोनदा सांगा. त्यांच्या देशात सर्कल उलटे फिरते. धोका केवळ उलटे शिरण्याचा नाही. सवयीने त्यांची मान आधी डावीकडे वळते, आणि आपल्याकडे गाडी उजवीकडून येते. इंग्रज पाहुणा मात्र तुमच्या-माझ्यापेक्षा सर्कल बरे चालवतो. त्यांच्याकडे उजवीकडच्याला वाट देण्याचा नियम १९६६ पासून आहे आणि तो लोक पाळतात.

यावरून आठवले. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवीकडून गाड्या चालवायला सुरुवात केली, पण गोव्याला त्यातून वगळले. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालणारा. सीमेवर गाड्यांनी बाजू बदलायची कशी? म्हणून १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा इथल्या चालकांना नवीन काही शिकावे लागले नाही. नाहीतर आज मला आणखी एक धडा शिकवावा लागला असता.

वाट कोणी कोणाला द्यायची, हा खरा तापाचा विषय. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमावलीत स्पष्ट आहे: जो आधीच सर्कलमध्ये आहे त्याचा हक्क पहिला. शिरणाऱ्याने थांबायचे. आणि सर्कलमध्ये असलेली गाडी शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येणार, म्हणून ‘उजवीकडच्याला वाट’ एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. प्रत्यक्षात काय होते ते तुम्हाला माहीत आहे. ज्याचा बंपर पुढे, त्याचा हक्क पुढे. खाजगी बसवाला तर वेग कमी न करता नुसता हॉर्न देऊन शिरतो. पाहुण्याला सांगा की तुमचा हक्क असला तरी बस शिरत असेल तर शिरू द्या. नियम तुमच्या बाजूने आहे, पण दार तुमचे चेपणार आहे.

आणि फक्त उजवीकडे बघून भागत नाही. आपलेच लोक लहान सर्कलवर उजवीकडे जायचे असेल तर पूर्ण वळसा घालत नाहीत. अलीकडूनच उलटे कापतात. स्कूटरवाले जास्त. म्हणून मी शिकवतो: उजवीकडे बघा, एक झलक डावीकडे टाका, परत उजवीकडे बघा, मग शिरा. चारचाकीत आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोडे जण सांगतात. समोरच्या काचेच्या उजव्या कडेला जो खांब असतो, त्याच्या आड एक अख्खी मोटारसायकल लपते. सर्कलजवळ येताना तुमची गाडी आणि ती मोटारसायकल दोन्ही हलत असतात, आणि कधी कधी ती बरोबर त्या खांबाच्या आडूनच तुमच्यासोबत सरकत राहते. ‘अचानक कुठून आला कळलेच नाही’ असे जे लोक म्हणतात ते बहुतेक वेळा खरेच बोलत असतात. उपाय सोपा आहे, सीटवरून थोडे पुढे वाका, डोके हलवा, खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा.

एवढी कटकट असेल तर सर्कल बांधतात कशाला, असे पुण्याचे पाहुणे विचारतात. त्यांना सिग्नलची सवय. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदण्याच्या किंवा मिळण्याच्या ३२ जागा असतात. एका रांगेच्या सर्कलवर त्या ८ उरतात. शिवाय सर्कलवर समोरासमोर किंवा काटकोनात धडक जवळजवळ होतच नाही, फार तर बाजूने घासते. घासाघाशी आणि जीव जाणे यात फरक आहे.

आता नकाशावर येतो, कारण तुमच्या पाहुण्यांचा निम्मा गोंधळ तिथेच आहे. फोन सांगतो, ‘राउंडअबाउटवर दुसरी एक्झिट घ्या.’ पाहुणा मोजायला लागतो, पण कुठून मोजायचे हेच माहीत नसते. काही जण ज्या रस्त्याने आले तोच पहिला धरतात, आणि मग प्रत्येक सर्कलवर एक रस्ता आधीच बाहेर पडतात. मोजणी अशी: शिरल्यावर डाव्या हाताला जो पहिला रस्ता फुटतो तो एक. त्यापुढचा दोन. साध्या चार रस्त्यांच्या सर्कलवर एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे सरळ, तीन म्हणजे उजवीकडे, आणि चार म्हणजे आलात तिकडेच परत. गोव्यात आणखी एक गंमत आहे. सर्कलला एखादी वाड्यावर जाणारी गल्ली लागलेली असते किंवा पेट्रोल पंपाचे तोंड असते. फोन कधी ती गल्ली मोजतो, कधी मोजत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. निघण्याआधी खोलीत बसूनच त्या सर्कलचे चित्र बोटांनी मोठे करून बघायला सांगा: बाहेर पडतो त्या रस्त्यावर काय आहे? पूल आहे, चर्च आहे, बसस्टँड आहे? ‘पुलाकडे जाणारा रस्ता’ हे डोक्यात राहते, ‘तिसरी एक्झिट’ राहत नाही.

स्कूटरवर दोघे असतील तर मागे बसलेल्याला काम द्या. चालवणाऱ्याने फोन बघायचाच नाही. मागच्याने रस्ते मोठ्याने मोजायचे, ‘एक... दोन... आता हा.’ ‘हा हा हा!’ असे ऐनवेळी ओरडायचे नाही. ओरडले तर चालवणाऱ्याने मुद्दाम तो रस्ता सोडून द्यायचा आणि फेरी मारायची, असे मी नवराबायकोंना सांगतो. दोन वेळा असे झाले की मागचे माणूस वेळेत बोलायला शिकते.

इंडिकेटरबद्दल एकच चूक सांगतो, बाकी लोकांना येते. बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्यायचाच, पण आधीचा रस्ता ओलांडल्यावर द्यायचा. सरळ जायचे आहे आणि शिरल्या शिरल्या डावा लावला, तर पहिल्या रस्त्यावर थांबलेल्या माणसाला वाटते तुम्ही तिथेच वळताय. तो बिनधास्त पुढे येतो. मग भांडण. चूक कोणाची? तुमची. डावीकडेच वळायचे असेल तर शिरण्याआधीपासून डावा, उजवीकडे जायचे असेल तर शिरताना उजवा आणि शेवटी डावा.

रांगांचे फार बोलत नाही. आपल्या बऱ्याच सर्कलवर पट्टे एक तर नाहीत किंवा पावसात पुसलेले आहेत. डावीकडे जाणारा बाहेरच्या कडेने, पुढे जाणारा आतून, एवढे पुरते.

बसच्या बाबतीत मी स्वतः धडा घेतला आहे. शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी माझी शिकाऊ गाडी एका बसच्या डाव्या अंगाला होती. मला वाटले, पुष्कळ जागा आहे. बसचे तोंड पुढे गेले तेव्हा जागा होतीही. पण बस डावीकडे वळायला लागली तशी तिची मागची चाके आत कापत आली, आणि आमच्या पुढच्या दारावरून आरसा उडाला. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूने जातात. सर्कलमधून बाहेर पडताना ती डावीकडे कापतात, आणि नेमकी तिथेच मोकळी जागा बघून स्कूटरवाले घुसतात. पाहुण्यांना सांगा: सर्कलमध्ये बस, टँकर किंवा मासळीचा ट्रक असेल तर त्याच्या शेजारी नको. मागे राहा.

बसची दुसरी खोड म्हणजे सर्कलमधून बाहेर पडल्या पडल्या ती प्रवासी घ्यायला उभी राहते. कंडक्टर दारात लटकून ‘म्हापसा म्हापसा’ ओरडतोय, आणि तुमचा पाहुणा मागे अर्धा सर्कलमध्ये अडकलाय. उपाय पुन्हा तोच. बस त्या रस्त्याने बाहेर पडतेय असे दिसले की तिच्यामागे एक गाडी मावेल एवढे अंतर ठेवा, आणि बाहेर जागा नाही असे दिसले तर फेरी मारा.

पडलेल्या मुलीबद्दल तुम्ही जास्त लिहिले नाहीत, पण माझा अंदाज सांगतो. स्कूटरवर सर्कलला पडणारे बहुतेक वेगामुळे पडत नाहीत. ते वळणात, गाडी तिरकी असताना पुढचा ब्रेक दाबतात. सर्कलच्या डांबरावर जड गाड्यांच्या टाकीतून सांडलेले डिझेल असते, मासळीच्या गाडीतून गळलेले पाणी असते, कडेला वाळू साठलेली असते. जूनच्या पहिल्या पावसात तर वर्षभराचे तेल वर येते आणि पांढरे पट्टे साबणासारखे होतात. म्हणून ब्रेक लावायचा तो सर्कलच्या आधी, गाडी सरळ असताना. आत शिरल्यावर वेग एकसारखा, गाडी पायी चालणाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने. आतून ब्रेक लागलाच तर मागचा, हलक्या हाताने. भाड्याची स्कूटर घेतल्यावर आधी तुमच्या वाडीतल्या रस्त्यावर दोन वेळा ब्रेक मारून बघायला सांगा. कुठल्याचा ब्रेक कडक, कुठल्याचा सैल, ते गाडीगणिक वेगळे असते. आणि स्कूटर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या म्हणावे. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर ती बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी तेच बघते.

आता तुमच्या पाहुण्यांच्या नेहमीच्या वाटा. शिवोलीच्या पुलावरून म्हापशात येणाऱ्यांना गावाच्या मध्यावरची गर्दी लागते. तिथे सर्कलपेक्षा उभ्या केलेल्या गाड्यांचा त्रास जास्त. पुढे पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे वळसे बदलत आले आहेत, त्यामुळे तिथे नकाशावर नव्हे, रस्त्यावरच्या फलकांवर आणि पोलिसावर भरवसा ठेवायचा. पोलीस हात दाखवत असेल तर सर्कलचा नियम बाजूला, पोलिसाचा हात खरा. मांडवी पूल उतरला की दिवजा सर्कल. पणजी, बसस्टँड, जुने गोवे, सगळे तिथून फुटते, त्यामुळे पूल उतरण्याआधीच ठरवून ठेवा, कारण उतारावर गाडी आपोआप वेग घेते आणि विचाराला वेळ राहत नाही. मिरामारचे सर्कल त्या मानाने मोकळे. नवशिक्याला शिकायला चांगले. जुन्या गोव्याच्या गांधी सर्कलवर सहलीच्या बसगाड्या असतात, ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, आसपास तिकडे गाडी नेऊच नये. कळंगुटच्या सर्कलवर नियम शोधू नका. तिथे चालणाऱ्यांवर लक्ष ठेवा. समुद्रावरून आलेले लोक रस्ता वाळूच असल्यासारखा ओलांडतात. आणि दक्षिणेत गेले तर मडगावचे कोलवा सर्कल संध्याकाळी सहा ते आठ टाळावे.

रुग्णवाहिका मागून आली तर सर्कलच्या आत थांबायचे नाही, हे कोणी सांगत नाही. आत थांबलात तर तिचीच वाट अडते. पुढच्या रस्त्याने बाहेर पडा, मग कडेला व्हा. वाट न देण्याला आता १० हजार रुपये दंड आहे. दारू पिऊन चालवण्यालाही पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यावर मी जास्त बोलत नाही. किरकोळ घासले तर आधी फोटो काढा, मग गाड्या कडेला घ्या, मग बोला. सर्कलच्या मध्ये उभे राहून वाद घालायचा नाही. कोणाला लागले असेल तर १०८, पोलीस हवे असतील तर ११२.

शिकवायचे कसे? तोंडी सांगितलेले गेटपर्यंत टिकते. मी वर्गात काय करतो ते सांगतो, तुम्हाला घरी सहज जमेल. चहाच्या टेबलावर स्टीलची बशी उपडी ठेवा, ते सर्कल. चार बाजूंना चार चमचे, ते रस्ते. काजूच्या बिया म्हणजे गाड्या. पाहुण्याच्या हातात एक बी द्या आणि म्हणा, ‘तुम्ही खालच्या चमच्यावर आहात, दुसऱ्या एक्झिटने जायचे.’ एक बी तुम्ही स्वतः फिरवत राहा, बस म्हणून मोठी अक्रोडाची बी घेतली तरी चालेल. पहिल्याच फेरीत कळते कोण कुठे चुकतो: कोणी उलटे फिरवते, कोणी चुकीचे मोजते, कोणी तुमच्या बियेला धडकते. मग सांगा, ‘आता मुद्दाम रस्ता चुका, आणि फेरी मारून परत या.’ बशीभोवती एकदा फेरी मारली की रस्त्यावर मारायला लाज वाटत नाही. लहान मुले असतील तर त्यांनाही खेळात घ्या. मागच्या सीटवरून ‘पप्पा, फेरी मारा’ असे तीच ओरडतात, आणि बापाला ते बायकोच्या ओरडण्यापेक्षा लवकर ऐकू येते.

खोलीच्या दाराजवळ एक कागद लावायचा असेल तर त्यावर फार लिहू नका. सर्कल उजव्या खांद्याला. उजवीकडच्याला वाट. ब्रेक आधी. चुकलात तर अजून एक फेरी. खाली तुमचा फोन नंबर.

आणि शुक्रवारी सकाळी कोणाही पाहुण्याला म्हापशात पाठवू नका. त्या दिवशी बाजार भरतो; आम्हीसुद्धा शिकाऊ मुलांना घेऊन कुचेलीच्या बाजूला पळतो.